भाव चढा का असतो, हे आधी पाहावे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या छोट्या दुकानांतला माल महाग असतो, मग केवळ आपुलकीपोटी तेथे का जावे, या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या खरेदीत दडलेले आहे, असे मला वाटते. शिया बटरचा (एका आफ्रिकी झाडाच्या बियांतून काढलेल्या स्निग्ध पदार्थाचा) साबण घरी करून विकणारी बाई वेष्टने आणि लेबले शेकड्यांनी घेते, साखळी दुकानांचे पुरवठादार तीच लाखांनी घेतात. त्यामुळे घाऊक दरातच ती मागे पडते, आणि मागितलेले कर्ज पूर्ण मंजूर होण्याचे प्रमाण गोऱ्या व्यावसायिकांपेक्षा कमी असल्याने मोठी खेप एकरकमी उचलणेही तिला जड जाते. त्यात ओळखीचे गिऱ्हाईक सवलत मागते. ती सवलत बहुधा तिच्या स्वतःच्या मजुरीतून जाते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

पाठिंब्याच्या बाबतीत डेट्रॉइटचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे १९३० मध्ये, मंदीच्या दिवसांत, फॅनी पेक यांनी ५० स्त्रियांसह हाउसवाइव्ह्ज लीग स्थापन केली आणि सभासद गृहिणींनी घरखर्चाचा पैसा कृष्णवर्णीयांच्या दुकानांकडे वळवण्याची शपथ घेतली. २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर, कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या पुस्तकांच्या दुकानांकडे मागणीचा लोंढा आला खरा, परंतु काही आठवड्यांच्या गर्दीच्या भरवशावर भाव उतरवता येत नाहीत. दरमहा ठरावीक विक्री दिसू लागली, तरच दुकानदार मोठी खेप मागवण्याचे धाडस करतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी घासाघीस न करता, नेहमी लागणारी एक तरी वस्तू अशा दुकानातून नियमाने घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.