मदत हवी आहे: बाटली स्कॅन केल्यावर ॲपने नेमकं काय दाखवावं?

इंदूरकर मंडळी, बारकोड स्कॅन करून दारूतलं शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये सांगणारं ॲप बनतंय. हिशोब सोपा: मिली × टक्के ÷ 100 × 0.789 (अल्कोहोलची घनता, म्हणजे एका मिलीचं ग्रॅममधलं वजन). 7.5 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे सुमारे 38 ग्रॅम, 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा पेग 20 ग्रॅम. बिअर हलकी, हा समज इथेच मोडतो. शिवाय ग्रॅममागे 7 किलोकॅलरी.

अडतंय ते स्कॅननंतर प्रमाण कमी-जास्त दाखवणाऱ्या रंगावर. हिरवा दिसला की लोक ती परवानगी समजतात, आणि सुरक्षित प्रमाण नाहीच असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलंय. मग रंगाऐवजी काय? घरी हाताने ओतलेला पेग कसा मोजायचा? झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठीची सूचना स्कॅनच्या आधी यावी की नंतर? डॉक्टर, फार्मासिस्ट मंडळींनी कृपया सांगावं.