पोस्टकार्डावरचा शिक्का म्हणजे फोटोचं वर्ष का?

प्रश्न: एकाच चौकाची काही जुनी चित्र-पोस्टकार्डं हाती लागलीत. शिक्क्यावरचं वर्षच फोटोचं धरू का?

कागदवेडा: नको हो! फोटो त्याआधीचा, एवढंच शिक्का सांगतो. प्रकाशक एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापत राहायचे. आधी पाठ बघा. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा मिळाली. तोवर ती बाजू निव्वळ पत्त्याची. म्हणून त्याआधीच्या कार्डांवर चित्राच्या कडेला मुंग्यांसारखी अक्षरं कोंबलेली दिसतात. मग भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली की खरा फोटो नव्हे, छपाई समजा. छापील कार्डावर फार विसंबू नका: विजेच्या तारा पुसायचे, ढग चिकटवायचे, रंग तर मनाला येईल तो!

प्रश्नकर्ता: एकात ट्रामचे रूळ आहेत, पण वर तारा नाहीत.

कागदवेडा: घोड्यांची ट्राम असेल, नाहीतर तारा पुसल्या असतील. खांब किंवा त्यांच्या सावल्या राहून गेल्यात का बघा.

जुनी वही: स्कॅन दोन्ही बाजूंचा करा बरं का. आणि पाठीवर नोंद करायचीच तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेन अजिबात नको, वळ पुढच्या बाजूला उमटतात.