प्रतिसाद: कॅनडाचे नागरिकत्व आणि दिवसांचा हिशेब

वर 'पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) मिळाल्यावर पाच वर्षे थांबले की नागरिकत्व मिळते' असे म्हटले आहे, ते कॅनडापुरते तरी बरोबर नाही. पाच वर्षांत ७३० दिवस वास्तव्य ही अट पीआर टिकवण्यासाठी आहे. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहावे लागते, आणि पीआरआधी विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरून त्यातले जास्तीत जास्त ३६५ दिवस जमेस धरले जातात. गणपतीला गावी आलात, तर ते दिवस वजा. नागरिकत्वाच्या शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार जे ओसीआय कार्ड देते, त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते, हे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी आधीच नीट समजून घ्यावे.