मदत हवी आहे: त्रिंकोमालीच्या नाळेवर पट्ट्या एकमेकींवर चढतायत

खाडीकिनारा
एचएमएस त्रिंकोमाली या जुन्या शिडाच्या युद्धनौकेचं मॉडेल करतोय, प्लँकिंग (सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चिकटवणं) सुरू आहे. मध्ये आणि मागे ठीक, पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, पट्ट्यांची खालची कड उचलते आणि पुढची पट्टी तिच्यावर चढते. माशाच्या खवल्यांसारखं दिसतंय. भिजवून झालं, क्लॅम्प लावून झाले, पिना ठोकून झाल्या. जितकं खाली जावं तितकं वाईट. नेमका उपाय सांगा. "घाई करू नका" हे कृपया नको.

रंधा_कानस
स्केल? लाकूड कुठलं? पट्टी किती रुंद, किती जाड? एक थर की दोन? बल्कहेडच्या (सांगाड्यातल्या आडव्या तुकड्यांच्या) कडा तासल्यात का? यातलं काहीच न सांगता नेमका उपाय कुठून येणार?

बोरीबंदर
वा! हे आपल्या मुंबईचं जहाज. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागात बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. याचे नकाशे आधी जावा नावाच्या फ्रिगेटवरून निघाले होते. तिला डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने ब्राझीलजवळ गाठून संपवलं, म्हणून दुसरी प्रत पाठवावी लागली. माझं ऐकाल तर मॉडेलही सागातच करा. तोच खरा मान.

करवत_शून्य
सागात अजिबात नको. सागाची छिद्रं उघड्या डोळ्यांना दिसतात. पाव मिमीचं छिद्र १:६४ ला १६ मिमीच्या भोकासारखं दिसणार, म्हणजे फळीत बोट जाईल एवढं. शिवाय लाकूड तेलकट, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं नाही तर सांधा काही महिन्यांत सुटतो. त्यातल्या सिलिकाने ब्लेडची धारही लगेच जाते. बारीक पोताचं लाकूड हवं असेल तर हळदू बघा, नाहीतर चन्नपट्टणची खेळणी ज्याची करतात तो काळा कुडा. सागाचा रंग हवा तर स्टेन लावा.

खाडीकिनारा
लाकूड आणून झालंय, त्यावर चर्चा नको. स्केल १:६४. बासवुड, ४ मिमी रुंद, १.५ जाड. बल्कहेड १५, सगळीकडे ५० मिमी अंतर. कडा तासायच्या म्हणजे काय? लेझरने कापून घेतलेत, कडा स्वच्छ आहेत.

रंधा_कानस
सापडलं, निदान अर्धं तरी. लेझर काटकोनात कापतो. नाळेकडे जहाजाचा पृष्ठभाग आत वळतो, त्यामुळे पुढच्या बल्कहेडची फक्त पुढची धार पट्टीला लागते आणि पट्टी धारेवर डुगडुगते. पुढच्या तीन-चार बल्कहेडची पुढची धार इतकी उतरवायची की पट्टी बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकेल. मागच्या टोकाला उलट, तिथे मागची धार उतरवायची. एक सरळ लवचीक पट्टी कमीत कमी चार बल्कहेडवर आडवी धरून बघा. उजेड दिसला तर कुठेतरी उंच किंवा खोल आहे. लाकडी ठोकळ्यावर ८० चा पॉलिश पेपर चिकटवून तासा, नुसत्या बोटाने नको, बोट खड्डे पाडतं.

तांडेल_काका
आणि नाळेत ५० मिमी अंतर फार झालं. त्रिंकोमाली लेडा वर्गातली, आणि त्या वर्गातल्या फ्रिगेटची नाळ बोथट असते. पट्टी शेवटच्या सहासात सेंटिमीटरमध्ये जवळजवळ काटकोनात वळते, आणि तिथे तुमच्याकडे आधाराला एकच बल्कहेड. पहिल्या दोन बल्कहेडच्या मध्ये आणि पुढे पाइनचे किंवा बाल्साचे ठोकळे भरा आणि आकाराला तासा. मग पिना कुठेही रुततील. कीलच्या (जहाजाच्या तळाच्या कण्याच्या) पुढच्या उभ्या भागात पट्टीचं टोक बसायला खाच काढली आहे ना? ती नसेल तर टोकं वर तरंगणार. बल्कहेड चिकटवायच्या आधी ती खाच काढणं सोपं असतं, आता अरुंद पटाशीने करावी लागेल.

विजेरी
तुम्ही सगळे उगाच अवघड करताय. पट्टी १० मिनिटं भिजवा, हेअर स्ट्रेटनरमध्ये धरा, ३० सेकंदांत वळते. पाण्याची मदत होते, पण लाकूड मुख्यतः उष्णतेने मऊ होतं. नुसतं भिजवून क्लॅम्प लावणारे वेळ घालवतात.

करवत_शून्य
चपट्या बाजूने वळते, कडेवरून नाही. त्यांची तक्रार वळणाची नाहीच, कड उचलण्याची आहे. ४ मिमी रुंद पट्टी कडेच्या दिशेने ओढली की ती पिळते आणि एक कड वर येते, मग ती कितीही गरम करा. आणि ओली पट्टी चिकटवू नका. भिजून फुगलेली असते, वाळली की दोन पट्ट्यांमध्ये फट.

@खाडीकिनारा, पट्ट्या टोकाकडे निमुळत्या केल्यात की अखंड ४ मिमीच ठेवल्यात? हे तीन माप द्या: वेलच्या (जहाजाच्या बाजूवरच्या जाड आडव्या फळीच्या) खालच्या कडेपासून कीलपर्यंत, पृष्ठभागावरून कागदाची पट्टी लावून, (क) मध्यावर, (ख) अगदी पुढे, (ग) अगदी मागे.

खाडीकिनारा
निमुळत्या नाही केल्या. मध्यावर १४८, पुढे ८२, मागे १६६. आतापर्यंत दोन्ही बाजूंना ११-११ पट्ट्या लागल्यात.

करवत_शून्य
मग गणितच बोलतंय.

मध्यावर १४८ भागिले ४ = ३७ पट्ट्या. त्या सगळ्या ८२ मध्ये बसवायच्या तर पुढच्या टोकाला प्रत्येकी २.२ मिमी. चालतं, कारण पट्टी तिच्या रुंदीच्या निम्म्याखाली, म्हणजे २ मिमीखाली जाऊ द्यायची नसते.

तुम्ही ११ पट्ट्या पूर्ण रुंदीच्या लावून पुढचे ४४ मिमी खाऊन टाकलेत. उरले ३८ मिमी आणि मध्यावर अजून २६ पट्ट्या बाकी. ३८ भागिले २६ = १.४६. तिथे टाचणीसारखी टोकं होणार. म्हणून खाली जाल तसं बिघडतंय. पट्टीला जायचंय ती वाट आणि तुम्ही ओढताय ती वाट एक नाही.

मागे प्रकार उलटा. १४८ वजा १६६, म्हणजे १८ मिमी कमी पडतील. तिथे चार-पाच स्टीलर, म्हणजे मागून घुसवलेल्या पाचरीसारख्या जादा पट्ट्या लागतील. खऱ्या जहाजातही असतात, लपवायची गरज नाही.

रंधा_कानस
+१. अकराच्या अकरा काढा. प्रत्येक बल्कहेडवर कागदी पट्टीने घेर मोजा, ३७ ने भागा, ती रुंदी पेन्सिलने पट्टीवर उतरवा, साधारण पाचव्या बल्कहेडपासून पुढे एकाच कडेने रंधा. सगळं एकदम आखू नका. घेराचे ९, ९, ९ आणि १० पट्ट्यांचे चार पट्टे पाडा, मध्ये दोरा ताणून डोळ्याने वळण तपासा, मग एकेक पट्टा भरा. डावी एक, उजवी एक अशीच लावायची, नाहीतर कील पिळतो.

तांडेल_काका
काढायची काय गरज? २ मिमीने भागा: ३८ मध्ये १९ पट्ट्या नाळेपर्यंत पोचतील, उरलेल्या ७ आधीच संपवा, म्हणजे ड्रॉप करा. दोन शेजारच्या पट्ट्या २-२ मिमीच्या झाल्या की तिथून पुढे दोघींच्या जागी एकच ४ मिमीची पट्टी. जोड बल्कहेडवरच यायला हवा, आणि सातही एकाच बल्कहेडवर संपवू नका, तिसऱ्या-चौथ्यावर आलटूनपालटून.

रंधा_कानस
काका, सात ड्रॉप आणि तेही न तासलेल्या बल्कहेडवर? खालचा पायाच चुकलाय. वरच्या अकरा तशाच ठेवल्या तर त्यांच्याखाली फेअरिंग, म्हणजे बल्कहेडच्या कडा तासून एका वळणात आणणं, कसं करणार?

तांडेल_काका
पहिल्या थरात दिसतंय कोणाला? दोन थर आहेत का एक, हे त्यांनी अजून सांगितलंच नाहीये.

खाडीकिनारा
एकच थर. पण खाली, खऱ्या जहाजासारखं, तांबं लावणार आहे, मग काय फरक पडतो?

करवत_शून्य
हे पहिल्या ओळीत हवं होतं हो! सगळा फरक पडतो. जलरेषेखालचं सगळं तांब्याआड जाणार. दिसणार फक्त वेल आणि जलरेषेच्या मधल्या चार-पाच पट्ट्या. तेवढ्याच काळजीने निमुळत्या करा, खाली ड्रॉप, स्टीलर, लांबी, कशाचीही शोभा बघायची गरज नाही.

पण आकार मात्र हवाच. तांब्याची चिकटपट्टी कागदाहून पातळ, खालची प्रत्येक कड आणि खड्डा दाखवते. १.५ मिमीच्या पट्टीवर चढलेल्या कडा घासत बसलात तर उचललेल्या जागी आरपार जाल. त्यामुळे मी काढण्याच्या बाजूने, निदान बल्कहेड ५ च्या पुढचा भाग. बल्कहेडच्या बरोबर मध्यावर कापा, म्हणजे नव्या पट्टीला टेकायला अर्धी जाडी मिळेल. जोड ओळीने एकाखाली एक येऊ देऊ नका, निम्म्या पट्ट्या सहाव्यावर कापा.

विजेरी
काय वापरलंय चिकटवायला? मी फेविक्विकच सांगेन, क्लॅम्प लागत नाहीत.

खाडीकिनारा
फेव्हिकॉल. नाळेच्या टोकांना फेविक्विक.

रंधा_कानस
फेव्हिकॉलचा सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. ब्रशने भरपूर लावा, वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, अर्ध्या तासाने बोथट सुरी सरकवा. पाण्यापेक्षा बरं, कारण प्लाय फुगत नाही. फेविक्विकला ॲसिटोन, कापसाने, खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळपास ज्योत नको. दिसणाऱ्या भागात फेविक्विक वापरूच नका. लाकडात शिरतं आणि तिथे पॉलिश बसत नाही, डाग राहतो.

विजेरी
डाग खरवडता येतो.

रंधा_कानस
दीड मिमीत किती खरवडणार?

वाऱ्यावरची_शिडं
पट्ट्यांचं होईल. दोरखंडांकडे आधीच लक्ष द्या. जुन्या तक्त्यांत दोराचा घेर दिलेला असतो, जाडी नव्हे. १२ इंची दोर म्हणजे घेर १२, व्यास ९७ मिमी, १:६४ ला दीड मिमी. लोक १२ इंच व्यास धरतात आणि डोलकाठ्यांवर साखळदंड लटकवल्यासारखं होतं. सुती दोरा घेऊ नका, केस निघतात आणि हवेतली ओल बदलली की ताणही बदलतो. पॉलिएस्टर घ्या आणि मेण चोळा.

खाडीकिनारा
डोलकाठ्यांबद्दल मी विचारलेलंच नाही.

कुलाबकर
एक प्रामाणिक प्रश्न: इंग्रजांची फ्रिगेट कशाला? आंग्र्यांच्या आरमारातली गुराब करा ना. मराठी माणसाने नाही करायची तर कोणी?

तांडेल_काका
जरूर करा, पण रेषाचित्र कुठून आणणार? ग्रीनविचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश नौदलाचे मूळ आराखडे आहेत, बहुतेक पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८ ला. गुराबेचं वर्णन मिळतं: नाळ लांब, सखल आणि पुढे काढलेली, तिच्यावरून समोर मारणाऱ्या तोफा, दोन किंवा तीन डोलकाठ्या. त्यावरून देखणं मॉडेल होईल, पण बल्कहेडचा आकार वर्णनातून निघत नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

आराखड्यावरून आठवलं. इंग्लिश ड्राफ्टमधली रेषा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेची असते, फळी त्याच्यावर. त्यामुळे बल्कहेड रेषेवरच कापायचा, पट्टीची जाडी वजा करायची नाही. आणि प्रिंट घेतल्यावर मोजपट्टी आडवी आणि उभी दोन्ही तपासायची, प्रिंटर "पानावर बसवा" करतो तेव्हा गुपचूप दोन-तीन टक्के खातो.

बोरीबंदर
हार्टलपूलच्या जहाजाचे फोटो बघून मागची बाजू करताय का? मग सावध. १८४० च्या दशकात हे जहाज ३८ तोफांच्या फ्रिगेटचं २६ तोफांचं कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान दर्जाची युद्धनौका) झालं, तेव्हा मागचा भाग बदलला. आज दिसतो तो १८१७ चा नाही. आधी साल ठरवा. १८१७ चं करायचं तर लेडा वर्गाचे मूळ आराखडे घ्या. डंडीला तिची धाकटी बहीण युनिकॉर्न आहे, १८२४ ची, पण तिची मागची बाजू गोल आहे, तिच्यावरूनही नको.

खाडीकिनारा
१८१७. हे मात्र उपयोगाचं. मागच्या बाजूच्या गॅलरीचे तुकडे अजून कापले नाहीत.

उजव्या बाजूचा पुढचा भाग सोडवला. ठोकळे भरले, तासलं. २.२ मिमीच्या हिशोबाने वरच्या पाच पट्ट्या लावल्या, कड उचलत नाही. सहावीला तिसऱ्या बल्कहेडवर थोडा उजेड दिसतोय.

करवत_शून्य
तिथे बल्कहेड खोल आहे. पट्टी दाबून बसवू नका, बल्कहेडच्या कडेवर प्लायची पातळ चकती चिकटवून भरा आणि पुन्हा तासा. दाबली तर खालच्या सगळ्या पट्ट्या तो खड्डा उचलतील. सगळ्यात खालची, कीललगतची पट्टी मात्र पुढे वर चढू देऊ नका. तिला नाळेवर चढवली की मधल्या पट्ट्यांना पुढे जागाच उरत नाही, आणि तुम्ही परत तिथेच.

खाडीकिनारा
ठीक. तांबं कुठलं घ्यायचं आणि कुठून सुरू करायचं?

रंधा_कानस
खरा पत्रा ४ फूट बाय १४ इंच. १:६४ ला १९ मिमी बाय ५.५६. रंगीत काचेच्या कामाची ७/३२ इंची तांब्याची चिकटपट्टी नेमकी तेवढीच रुंद असते, कापायची फक्त लांबी. दोन्ही बाजू मिळून साधारण दीड हजार तुकडे होतील. ३३ मीटरच्या एका रोलमध्ये जेमतेम बसतात, म्हणून दोन घ्या. आधी पुट्टी, २४० चा पेपर, मग सँडिंग सीलरचे दोन हात, नाहीतर गोंद लाकडाला धरत नाही. खिळ्यांचे ठसे उमटवू नका, या स्केलला ते फोडांसारखे दिसतात. सुरुवात मागून, सुकाणूकडून, आणि कीलपासून वर. पुढचा पत्रा मागच्यावर किंचित चढला पाहिजे, म्हणजे चालत्या जहाजाचं पाणी कडेत शिरत नाही. हातमोजे घाला, बोटांचे ठसे आठवड्यात काळे पडतात.

विजेरी
कडांना एक थेंब फेविक्विक लावा, सुटणार नाहीत.

रंधा_कानस
तांब्यावर पांढरी वाफ धरते. नको.