मदत हवी आहे: डाळिंबाच्या रसात मेप्सची रिकव्हरी येत नाही

जुळे_सोलापूर: मेप्स सिरिंज, म्हणजे रसातलं रसायन पकडायला शोषक भरलेली बारीक सिरिंज; शोषक सी-१८. रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळतं ते) निम्मीसुद्धा येत नाही. शिवाय सिरिंज चोंदते, दट्टा ओढवत नाही. शुक्रवारी गाइडना आकडे दाखवायचेत. लवकर सांगा.

बफरवाला: रिकव्हरी कशाची? डिटेक्टर कोणता? रस गाळला कसा?

जुळे_सोलापूर: कार्बेन्डाझिम, बुरशीनाशक. डिटेक्टर यूव्ही (अतिनील). मलमलच्या कापडातून गाळून थेट ओढला.

भीमाकाठ: सिरिंज ठेवा बाजूला, क्वेचर्स करा, अवशेष काढायची झटपट पद्धत. अ‍ॅसिटोनायट्राइल, क्षार, पीएसए (साफ करणारा शोषक), सेंट्रिफ्यूज, झालं काम. २००३ पासून जग हेच करतंय. आमच्याकडे द्राक्षं-डाळिंबं सगळी यावरच जातात.

जुळे_सोलापूर: प्रबंधाचा विषयच सूक्ष्म एसपीई (थोड्या घन शोषकावर पकडून काढणं, मेप्स त्यातलंच) आहे, पद्धत कशी बदलू?

बफरवाला: भीमाकाठ, क्वेचर्सला १० ग्रॅम नमुना लागतो. इथे शोषकच १ ते ४ मिलिग्रॅम, रस मायक्रोलिटरमध्ये. जुळे सोलापूर, रसाचा पीएच किती?

जुळे_सोलापूर: आहे तसाच. ३.३ च्या आसपास.

बफरवाला: मग तिथंच अडलंय. कार्बेन्डाझिमचा पीकेए, म्हणजे निम्म्या रेणूंवर भार असतो तो पीएच, साधारण ४.२. आंबट रसात त्यावर धनभार येतो, सी-१८ ते नीट धरत नाही, निसटून जातं. आधी रस सेंट्रिफ्यूज करा, गराचे बारीक कण कापडातून सहज येतात, तेच बूच बसवतात. वरचा रस फॉस्फेट बफरनं चौपट पातळ करून पीएच ७ ला आणा. लाल रंग जाऊन मळकट जांभळा होईल, घाबरू नका. ओढताना घाई नको. आणि सिरिंजमधून बाहेर टाकलेला रस एकदा यंत्रात इंजेक्ट करून बघाच, कार्बेन्डाझिम त्यातच जातंय का कळेल.

भीमाकाठ: चौपट पातळ करून यूव्हीवर दिसणार काय?

बफरवाला: दिसेल. तोच रस पुन्हा पुन्हा ओढून सोडायचा आणि शेवटी शोषकावर अडकलेलं कार्बेन्डाझिम थोडक्या मिथेनॉलमध्ये काढायचं. मेप्सचा फायदाच तो.

मंगळवेढेकर: बागेत तेल्या आलाय. हे कार्बेन्डाझिम मारलं तर चालेल का?

भीमाकाठ: नाही दादा. तेल्या जिवाणूचा, हे बुरशीनाशक. केगावला डाळिंब संशोधन केंद्रात फळ घेऊन जा.

जुळे_सोलापूर: बाहेर टाकलेल्या रसातच कार्बेन्डाझिम सापडलं! पीएच ७ ला रिकव्हरी चढली, सिरिंजही मोकळी चालते. पण आता आलेखावरचं पीक (शिखर) दुभंगतंय. का?

बफरवाला: मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारा द्राव) काय, आणि शुद्ध मिथेनॉलच इंजेक्ट करताय का?