एपिक ९६५४ की झिऑन प्लॅटिनम ८४८०+ : पैशाचा मोबदला कोण अधिक देतो?

धागाकर्ता :
एएमडीचा एपिक ९६५४ हा सर्व्हरचा प्रोसेसर नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आला आणि इंटेलचा झिऑन प्लॅटिनम ८४८०+ त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये. दोन्ही कंपन्यांच्या पुढच्या पिढ्या आता आल्या आहेत, तरीही जाहीर झाले तेव्हाच्या किमती (अनुक्रमे ११,८०५ आणि १०,७१० डॉलर) इतक्या जवळ असलेली ही जोडी तुलनेसाठी मला योग्य वाटते.

माझे मत असे आहे की अनेक व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने तयार केलेले स्वतंत्र संगणक) चालवण्यासाठी नवा क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट) उभारायचा असेल, तर एपिकच घ्यावा. त्यात ९६ कोर (स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग) आहेत, झिऑनमध्ये ५६. म्हणजे एका कोरला साधारण १२३ डॉलर पडतात, तर दुसरीकडे १९१. विजेची मर्यादा ३६० आणि ३५० वॉट असल्यामुळे कोरामागे ३.७५ आणि ६.२५ वॉट असा हिशेब होतो, आणि हा खर्च सर्व्हर चालू असेपर्यंत दर तासाला होत राहतो. जोडणीचा मुद्दा तर मला कोरांच्या संख्येहूनही महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकी चार लेन (प्रोसेसरशी जोडणाऱ्या माहितीच्या वाटा) घेणाऱ्या २४ एनव्हीएमई (वेगवान) डिस्क लावायच्या असतील, तर ९६ लेन लागतात. एपिकच्या एकाच सॉकेटला (एक प्रोसेसर बसवण्याच्या जागेला) पाचव्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या १२८ लेन आहेत, त्यामुळे नेटवर्कसाठी ३२ उरतात; झिऑनच्या एका सॉकेटला मुळात ८० आहेत, म्हणजे केवळ डिस्क जोडण्यासाठी दुसरा प्रोसेसर किंवा स्वतंत्र स्विच विकत घ्यावा लागतो.

प्रतिसाद १ :
आपला लेनचा मुद्दा मान्य आहे, पण कोर मोजून किंमत ठरवण्याची पद्धत मला मान्य नाही. कोर वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा मेमरीचा वेग (बँडविड्थ) कमी होतो. एपिकला डीडीआर५-४८०० मेमरीची १२ चॅनल (मेमरीकडे जाणारे मार्ग) आहेत, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट, झिऑनला ८ चॅनल, म्हणजे ३०७.२ गिगाबाइट. एकूण आकडा एपिकचा मोठा असला, तरी कोरामागे तो ४.८ येतो आणि झिऑनचा जवळपास ५.५. सर्व कोर एकाच वेळी मेमरीतून मोठी आकडेमोड करत असतील, तर एपिकचे जास्तीचे कोर पुष्कळदा वाट पाहत बसतात.

एपिकच्या ३८४ मेगाबाइट कॅशेचेही (प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचेही) नेहमी कौतुक होते. ती एकसंध नाही, बारा चिपलेटमध्ये (ज्या लहान चिप जोडून प्रोसेसर बनतो त्यांत) ३२-३२ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागलेली आहे, आणि एका चिपलेटवरच्या आठ कोरांना फक्त आपलाच तुकडा जवळचा असतो. झिऑनची तिसऱ्या पातळीची कॅशे १०५ मेगाबाइटच आहे, पण ती सगळ्या कोरांची सामाईक आहे, शिवाय प्रत्येक कोरला दुसऱ्या पातळीची २ मेगाबाइट कॅशे मिळते. एपिकमध्ये ती १ मेगाबाइट आहे. शेवटी, कोरांवर परवाना आकारणारा डेटाबेस चालवायचा असेल, तर परवान्याचा खर्च प्रोसेसरच्या किमतीला मागे टाकतो आणि ९६ कोर हे ओझे ठरते.

धागाकर्ता :
परवान्याचा मुद्दा खरा आहे, पण तो ८४८०+ च्या बाजूने कसा जातो, हे मला समजले नाही. कोर मोजून पैसे द्यायचे असतील, तर ५६ कोरही जास्तच आहेत. तिथे एपिक ९३७४एफ पाहावा : ३२ कोर, ३.८५ गिगाहर्ट्झचा मूळ वेग आणि २५६ मेगाबाइट कॅशे. कॅशेच्या विभागणीबद्दल म्हणायचे, तर चार किंवा आठ कोरांची व्हर्च्युअल मशीन एका चिपलेटवर मावतात, आणि अशा लहान मशीनना पूर्ण प्रोसेसरभर पसरलेल्या सामाईक कॅशेची गरज फारशी पडत नाही.

प्रतिसाद २ :
या चर्चेत इंटेलच्या एएमएक्सचा (मॅट्रिक्सची आकडेमोड वेगाने करणाऱ्या सोयीचा) उल्लेख अजून झाला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आठ बिटांच्या पूर्णांकांचे मॅट्रिक्स गुणाकार करताना झिऑनचा प्रत्येक कोर एएमएक्सच्या साहाय्याने एका घड्याळ-ठोक्यात २,०४८ क्रिया करू शकतो, तर त्याच कोरमध्ये एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) वापरून २५६ च होतात. झेन ४ या एपिकच्या कोरमध्ये एएमएक्स नाहीच, आणि एव्हीएक्स-५१२ च्या ५१२ बिटांच्या सूचना तो २५६ बिटांच्या दोन भागांत पार पाडतो. प्रतिमा ओळखणे, मजकुराचे वर्गीकरण अशी कामे जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) न घेता करायची असतील, तर कोरांच्या संख्येपेक्षा ही सोय अधिक मोलाची आहे. शिवाय कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शनचे काम कोरांकडून काढून घेणारे क्विकअसिस्ट ८४८०+ मध्येच बसवलेले आहे.

धागाकर्ता :
ज्या कामांची आपण नावे घेतली, त्यांच्यापुरता मी झिऑन मान्य करतो. भाषेच्या मोठ्या मॉडेलांना मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करू नये. दिलेला प्रश्न वाचताना मॉडेलला खूप आकडेमोड लागते, तिथे एएमएक्स पुढे राहते. पण एकाच वापरकर्त्यासाठी उत्तर एकेका शब्दाने तयार होताना मॉडेलचे वजनांक (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) दर वेळी मेमरीतून वाचावे लागतात, आणि तिथे गणनशक्ती पडून राहून मेमरीचा वेगच निर्णायक ठरतो. त्या टप्प्यावर एपिकची दीडपट बँडविड्थ उपयोगी पडते.

प्रतिसाद ३ :
ती दीडपट बँडविड्थ बाराही चॅनल भरली तरच मिळते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. मेमरीचा खर्च वाचवण्यासाठी (चॅनलला एक याप्रमाणे) आठच पट्ट्या लावल्या, तर एपिकही ३०७.२ गिगाबाइटवरच येतो. किमतीच्या तुलनेत प्रत्येक सॉकेटमागे चार जास्तीच्या पट्ट्या धरल्या पाहिजेत.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आमच्याकडे इंटेलची जुनी यंत्रे असलेला क्लस्टर होता आणि त्यात एएमडीची दोन यंत्रे घेतली गेली. चालू व्हर्च्युअल मशीन एका कंपनीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर हलवता येत नाही, ती बंद करूनच न्यावी लागते. त्यामुळे आमच्याकडे एकाऐवजी दोन क्लस्टर झाले, राखीव क्षमता दोन्हीकडे वेगळी ठेवावी लागली, आणि प्रत्येक देखभालीची वेळ वापरकर्त्यांशी बोलून ठरवावी लागली. शिवाय दोन सॉकेटच्या एका यंत्रात १९२ कोर असतील, तर ते यंत्र बंद पडल्यावर किती सेवा एकदम थांबतील, याचाही विचार हवा.

धागाकर्ता :
जुन्या झिऑन क्लस्टरमध्ये भर घालायची असेल, तर झिऑनच घ्यावा. माझ्या मूळ मतात 'नवा क्लस्टर' ही अट त्यासाठीच होती. यंत्र बंद पडण्याचा हिशेब मात्र करून पाहू. कामाला ३८४ कोर हवेत आणि एक यंत्र राखीव हवे, असे धरले, तर दोन सॉकेटची एपिकची तीन यंत्रे लागतील आणि झिऑनची तशीच पाच. एकूण कोर ५७६ आणि ५६० होतात, म्हणजे हायपरव्हायझरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोरांवरचा परवाना जवळजवळ सारखाच पडेल. प्रोसेसरचा खर्च मात्र ७०,८३० आणि १,०७,१०० डॉलर असा राहतो, आणि एपिकच्या सहा सॉकेटना मेमरीच्या ७२ पट्ट्या लागतात, झिऑनच्या दहा सॉकेटना ८०.

प्रतिसाद ३ :
पट्ट्यांचा आकडा मी असा मांडून पाहिला नव्हता. खर्चाबाबत माझा आक्षेप मागे घेतो. तीन यंत्रांपैकी एक बंद पडले, तर एक तृतीयांश व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी पुन्हा सुरू करावी लागतात आणि तेवढा वेळ स्टोरेजवर मोठा ताण येतो. पाच यंत्रांत हा वाटा एक पंचमांश असतो. ज्या सेवांना दहा मिनिटांचा खंडही परवडत नाही, त्यांच्यासाठी मी अजूनही पाच यंत्रांच्याच बाजूने आहे, मग त्यांत प्रत्येकी एका सॉकेटचा एपिक असला तरी चालेल.