पॉल स्कोफील्डने सिनेमाला इतकं कमी का दिलं? मला हे नुकसानच वाटतं

तिसरी घंटा (धागा)

परवा 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' (१९६६) तिसऱ्यांदा पाहिला. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या बाजूने शपथ घ्यायला नकार देणारा सर थॉमस मोर तुरुंगात आहे. मुलगी गळ घालते, की शब्द तोंडाने म्हणा, मनात काय वाटेल ते असू द्या. मोर सांगतो, शपथ घेणारा माणूस स्वतःलाच ओंजळीत धरून असतो, पाण्यासारखा. बोटं फाकली की संपलं. मोर झालेला ब्रिटिश नट स्कोफील्ड हे इतकं हळू बोलतो की मी नकळत पुढे सरकून बसलो.

याच भूमिकेसाठी त्याला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं होतं (१९६२), आणि मग चित्रपटासाठी ऑस्कर. ऑस्कर घ्यायला तो गेलाच नाही. वेंडी हिलरने त्याच्या वतीने घेतलं. दुसरा कुणी असता तर हॉलिवूडमध्ये बिऱ्हाड थाटलं असतं. हा ससेक्समधल्या बाल्कम गावी राहिला आणि नाटकं करत राहिला.

माझं दुखणं पुढे आहे. १९७९ साली नॅशनल थिएटरमध्ये 'अमेडियस' या नाटकातला पहिला सालिएरी, म्हणजे मोत्झार्टवर जळणारा संगीतकार, त्याने उभा केला. १९८४च्या चित्रपटात तो नाही, तिथे एफ. मरे अब्राहमला ऑस्कर मिळालं. स्कोफील्डचा सालिएरी ज्यांनी तिकीट काढून पाहिला त्यांचाच राहिला. एवढ्या ताकदीच्या नटाने मागे काही ठेवायला हवं होतं. तो त्याचा एकट्याचा प्रश्न नाही, असं माझं ठाम मत आहे.

विंगेतून

पूर्ण असहमत. नाटक त्या रात्रीपुरतं असतं, हे पत्करूनच माणूस विंगेत उभा राहतो. पीटर ब्रूकच्या दिग्दर्शनाखाली १९६२ साली स्ट्रॅटफर्डला त्याने शेक्सपिअरचा राजा लिअर केला तेव्हा तो अवघा चाळीस वर्षांचा होता. २००४ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी शेक्सपिअरच्या भूमिकांमधला सर्वोत्तम अभिनय म्हणून त्याच लिअरला कौल दिला. बेचाळीस वर्षांनी! नटाचं काम नटांनी जपलं. याहून काय मागे ठेवायचं?

आणि हा माणूस 'सर' ही पदवीही नाकारणारा. आपल्याला लागेल तेवढंच घेणाऱ्याकडे आपण जास्त मागू नये.

सांगलीकर

विंगेतून, तुमचं तत्त्व कळतं, पण पटत नाही. आपल्याकडचंच बघा. 'नटसम्राट'मध्ये लिअरची छाया आहे. त्यातला पहिला अप्पा बेलवलकर १९७०मध्ये डॉ. लागूंनी केला. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सगळं सोडून रंगभूमीवर आला. पण म्हणून त्यांनी सिनेमाला दार लावून घेतलं का? 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' केलेच ना? माझ्या पिढीला लागू भेटले ते पडद्यावर. तिथून उलटं चालत आम्ही त्यांच्या नाटकांपर्यंत पोचलो. सिनेमाने रंगभूमीचं काही हिरावलं नाही, उलट माणसं आणून दिली.

विंगेतून

सांगलीकर, लागूंबद्दल वादच नाही. पण स्कोफील्डनेही दार लावलं नव्हतं. 'द ट्रेन'मध्ये पॅरिसची चित्रं जर्मनीला पळवणारा कर्नल तोच. १९७१मध्ये लिअरही पडद्यावर आला, ब्रूकबरोबरच. १९९६च्या 'द क्रूसिबल'मधल्या न्यायाधीशासाठी बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळालं.

'क्विझ शो' (१९९४) पाहिलाय का? मुलगा टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत आधीच उत्तरं घेऊन जिंकत होता, हे तो प्राध्यापक बापाला वर्गात सांगतो. बापाला आधी ते क्षुल्लक वाटतं. मग हळूहळू उमगतं, की मुलाने जे नाव लावून हे केलं ते आपलंही नाव आहे. स्कोफील्ड ओरडत बसत नाही, एकाच वाक्यात आवाज फुटतो आणि बाप म्हातारा झालेला दिसतो. वर्षाला तीन सिनेमे करणाऱ्याच्या चेहऱ्यावर हे इतकं कोरं उमटलं असतं, असं मला वाटत नाही. कमी केलं म्हणूनच ते तसं झालं.

आणि तुमचा सालिएरी अगदीच गेला नाही. १९८३मध्ये बीबीसी रेडिओवर 'अमेडियस' झालं, त्यात स्कोफील्डच आहे.

तिसरी घंटा

'क्विझ शो'चं मान्य. तो प्रसंग मलाही अजून छळतो. रेडिओचं लक्षात आणून दिलंत, मनापासून आभार.

पण नाटकाच्या सुरुवातीचा भाग आठवा. म्हातारा सालिएरी चाकाच्या खुर्चीत आहे. तो उठतो, अंगावरचा झगा आणि टोपी काढतो, आणि प्रेक्षकांदेखत तरुण होतो. ना मेकअप बदलत, ना पडदा पडत. सगळं नटाच्या पाठीच्या कण्यावर आणि चेहऱ्यावर. त्या चार पावलांत स्कोफील्डने काय केलं असेल? मी रेडिओ ऐकेनच, पण ते मला कानाने कसं दिसणार, तुम्हीच सांगा.